दुपारी काळी पडणारी स्क्रीन

“कॉम्प्युटर चालू होतो, पण दिसत काही नाही.” माझ्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं याच वाक्याने सुरुवात करतात. जळगावात बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर, एका मार्केटच्या पहिल्या मजल्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन घ्यायचं असेल तर खाली दोन मोठी दुकानं आहेत. तिथून घेतलेलं बिघडलं की लोक जिना चढतात. सुरुवातीची दहा-बारा वर्षं जिना चढून आलेला माणूस दारात थांबून विचारायचा, “मिस्त्री कुठे गेले?” मी म्हणायचे, “कुठे जातील? समोर बसलेत.” काही जण हसून मशीन टेबलावर ठेवायचे. काही जण “चहा घेऊन येतो” म्हणून जायचे ते परत यायचेच नाहीत. धुळ्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो, त्यामुळे मला याचं फार वाईट वाटत नसे. आता केस पिकलेत, चष्म्याचा नंबर वाढलाय आणि मिस्त्रीला कोणी शोधत नाही.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. अमळनेरच्या एका जिनिंगमधला कॉम्प्युटर उघडला तेव्हा आतून एक उशी भरेल इतका कापूस निघाला होता. पंखा बिचारा त्यातूनही फिरायचा प्रयत्न करत होता. चोपड्याच्या एका केळीवाल्या भाऊंनी मला उन्हातान्हाचं गावी बोलावून घेतलं, आणि बिघाड काय, तर नातवाने स्क्रीनचा उजेड शून्यावर नेऊन ठेवलेला. भाऊंनी बटण दाबताना मला पाहिलं, मग म्हणाले, “ताई, एवढं तर मी पण केलं असतं.” मी म्हटलं, “मग केलं का नाही?” त्यावर त्यांनी घरच्या केळीचा एक घड माझ्या मांडीवर ठेवला आणि विषय संपवला.

पण या वेळी गंमत नाही, माझी एक चूक लिहिणार आहे. ती चूक स्क्रूड्रायव्हरने झाली नव्हती, तोंडाने झाली होती.

त्यासाठी आधी थोडं धंद्यातलं सांगायला हवं. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढण्याचं काम एका वेगळ्या कार्डाकडे असतं. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. ते मुख्य पाटीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, एका लांबट खाचेत बसतं. खाचेत शिरणाऱ्या त्याच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची एक ओळ असते आणि सगळा निरोप त्या पट्ट्यांमधून जातो. व्हिडिओचं काम करणाऱ्या माणसाचा सगळा जीव या कार्डात असतो. ते रुसलं की बाकीचं मशीन कितीही धडधाकट असो, समोर फक्त काळी काच.

आता हॅकिन्टॉश. सफरचंदवाल्या कंपनीचे मॅक कॉम्प्युटर असतात, त्यांची आतली प्रणाली त्यांच्याच मशीनवर चालावी अशी त्यांची इच्छा आणि अट असते. पण बाजारातले सुटे भाग जुळवून एक साधं मशीन बनवायचं आणि त्यावर ती प्रणाली चालवायची, याला हॅकिन्टॉश म्हणतात. त्यासाठी मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवतात. त्याचं काम दुभाष्याचं. तो प्रणालीला सांगतो, घाबरू नकोस, हे तुझंच घर आहे. तो नीट बोलला तर सगळं सुरळीत. एखादा शब्द चुकला की मशीन चालू होताना दिसणारी पांढरी रेघ अर्ध्यापर्यंत भरते आणि बरोबर त्या क्षणी, जेव्हा प्रणाली ग्राफिक्स कार्डाचा ताबा घेते, स्क्रीन काळी पडते. हे कंपनीच्या अटीत बसत नाही आणि कंपनी मदतीला येणार नाही, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते. तरी लोक बनवून घ्यायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते बनवायला फार आवडायचं. सगळ्या खानदेशात हे जमणारी दोन-तीनच माणसं होती आणि त्यात मी एक. ही फुशारकी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

जयश्री माझ्याकडे आली ती धुळ्याहून. तिशीतली, बोलायला मोकळी. लग्नाआधी ती नाशिकला एका स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंग शिकली होती, तेही मॅकवरच्या एका सॉफ्टवेअरवर. तिचं सगळं जुनं काम त्यातच होतं आणि ते दुसरीकडे उघडत नव्हतं. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ती दुपारी बारा ते पाच बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत अल्बम बनवायला जायची आणि सकाळ-संध्याकाळ घरी स्वतःचं काम करायची. तिला अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करायचे होते. नाचगाण्याचे नाही, नीट केलेले. मी तिला मशीन जुळवून दिलं. हिवाळाभर ते घोड्यासारखं पळालं.

पहिलं मोठं गाणं तिने आखाजीसाठी घेतलं. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, झोक्यावर गाणी म्हणतात. त्यामुळे आखाजीचं गाणं आखाजीच्या दोन-तीन दिवस आधी लोकांच्या फोनवर पोचलं पाहिजे. नंतर कोणी ढुंकून बघत नाही. जयश्रीने गावातल्याच आठ-दहा बायका घेऊन शेतात चित्रण केलं होतं. स्वतःच्या नावावर केलेलं तिचं ते पहिलंच काम.

घरात तिचे सासरे, आबा. आयुष्य शेतावरच्या डिझेल इंजिनांवर गेलेलं. विहिरीवरची इंजिनं बसवणं, दुरुस्त करणं. घरातली पुढची खोली जयश्रीने कामासाठी मागितली तेव्हा आबा चारचौघांत बोलले होते, “गानाबजावनावर घर चालत नही.” शेवटी खोली दिली, पण बजावलं की आखाजीपर्यंत एक तरी काम पुरं करून दाखव, नाहीतर खोली मोकळी कर, मी तिथे पिठाची चक्की टाकतो. हे जयश्रीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे त्या गाण्यावर नुसतं गाणं नव्हतं, तिची खोली होती, आणि खोलीबरोबर तिचं पुढचं सगळं.

आखाजीला बारा दिवस असताना तिचा फोन आला. “ताई, संध्याकाळी कामावरून आले तर काम दुपारीच तुटलेलं आणि स्क्रीनवर गुलाबी रेघा. बंद करून चालू केलं तर काळंच.”

मी विचारलं, “पांढरी रेघ अर्ध्यापर्यंत येते का?”

“कधी येते, कधी तेवढंही नाही.”

मला तेवढं पुरलं. मी मनात निदान करून टाकलं: दुभाषा बिघडला. मशीन घेऊन ये म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती आली. मशीन खिडकीजवळच्या सीटवर उशीत बसवलेलं आणि ही बाई पारोळा, एरंडोल करत पूर्ण वाट उभी.

दुकानात मशीन लावलं तर पहिल्या झटक्यात चालू. रेघा नाहीत, काळं नाही, काही नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मशीन चांगलं आहे, घरातलं काहीतरी बघा. मी नाही म्हटलं. मी तीन दिवस त्या दुभाष्याच्या मागे लागले. ओळीन् ओळ तपासली, कार्डाची ओळख पुन्हा लिहिली, जुनी आवृत्ती काढून नवी घातली. तीन दिवस मशीन सलग चालवलं, त्याच्याकडून जड कामं करून घेतली. ते हूं का चूं करेना. मी स्वतःवरच खूश झाले आणि म्हटलं, केलं दुरुस्त. या तीन दिवसांत कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याचे दोन स्क्रू मात्र मी उघडले नाहीत. दोन स्क्रू! पहिल्याच महिन्यात शिकवतात की आधी डोळ्यांनी बघा, मग डोकं चालवा. पण ज्याला अवघड गोष्ट येते त्याला सोपी गोष्ट दिसत नाही, निदान माझं तरी तसं झालं.

जयश्री मशीन घेऊन गेली. दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा दुपारी, पुन्हा काळं. आखाजीला सात दिवस.

आता मीच धुळ्याला गेले. एसटीतून उतरून रिक्षाने त्यांच्या घरी पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. साधं मातीचं घर, पुढच्या खोलीला पत्रे, मागच्या आबांच्या खोलीला धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, अंगणात एक निंब. पुढच्याच खोलीतून घरात जायची वाट, त्यामुळे तिला कुलूप लावायची सोय नाही. आबा निंबाखाली बाजेवर बसले होते. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवून बसले.

मशीनमागे वाकून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. स्क्रीनची वायर ग्राफिक्स कार्डात नव्हती. ती वरच्या दुसऱ्या भोकात होती, मुख्य पाटीवरच्या. साध्या कॉम्प्युटरला त्या भोकातूनही चित्र येतं. पण या मशीनमध्ये मी ते भोक बंद करून ठेवलं होतं, दुभाष्याचा गोंधळ होऊ नये म्हणून. म्हणजे तिथे वायर लावली की चित्र येणं शक्यच नाही. वायर खालच्या भोकात लावली आणि स्क्रीन उजळली.

मी जयश्रीला विचारलं, “वायर तू काढलीस?”

“नाही ताई. मी मागे हातच घातला नाही.”

“मग दुपारी घरात कोण असतं?”

उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. आणि मग मी ते वाक्य बोलले, जे मला आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हटलं, “जयश्री, मशीनमध्ये दोष नाही. या घरात कोणाला तरी हे काम व्हायला नको आहे.”

तिने दाराकडे पाहिलं. बाहेर बाजेवर आबा तसेच बसलेले. मी वायर चिकटपट्टीने पक्की केली, वर पेनाने खूण केली आणि जळगावची गाडी पकडली. वाटेत मला वाटत होतं, मी तिच्यावर उपकार केले.

तीन दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. चिकटपट्टी जागच्या जागी, खूण जागच्या जागी, वायर बरोबर भोकात. आणि तरी दुपारी पुन्हा गुलाबी रेघा आणि काळं. सकाळी चालतं, दुपारी जातं. सकाळी दोन तास मिळतात तेवढ्यात पुढे गेलेलं काम दुपारी अर्धवट तुटतं, कारण शेवटची लांबलचक प्रक्रिया ती कामावर जाताना मशीनवर लावून जायची. आखाजीला चार दिवस राहिले होते.

“आणि ताई,” ती म्हणाली, “मी आबांशी बोलणं सोडलंय. जेवायला वाढते आणि निघून जाते. त्यांनी दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही.”

वायर पक्की असताना बिघाड झाला, म्हणजे वायर हे कारण नव्हतं. म्हणजे मी घरात जे बोलून आले होते ते कारण नव्हतं. मशीन चुकीचं दुरुस्त केलं तर पुन्हा करता येतं. हे कसं करायचं?

मी ठरवलं, आता अंदाज नाही. दुपारी बिघडतं ना, मग मी दुपारभर त्या मशीनशेजारी बसते, बघू कोण येतं आणि काय होतं. दुकानाला कुलूप लावलं, बाहेर “उद्या या” लिहिलं आणि सकाळच्या गाडीने धुळ्याला गेले. जयश्रीला सांगितलं, तू नेहमीसारखी मशीनवर काम लावून जा. आबांना काही सांगू नकोस. ते मागच्या खोलीत होते. ती बारा वाजता गेली आणि मी टेबलाशेजारी भिंतीला टेकून, जमिनीवर बसले.

धुळ्याचं आखाजीच्या दिवसांतलं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. पत्र्याखालची ती खोली म्हणजे भट्टी. मशीनचे पंखे जोरात फिरत होते. एक वाजला. स्क्रीन ठीक. सव्वा वाजला, ठीक. दीडच्या सुमाराला आतून लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज आला. दारातून आधी एक जुना लोखंडी कूलर आला, आणि त्याच्यामागून त्याला ढकलत, धापा टाकत आबा.

मला पाहून ते जागीच थांबले. “तुम्ही आठे काय करी राहिनात?”

“मशीनजवळ बसलेय, आबा. कूलर कुठे नेताय?”

“कोठे नही.” त्यांनी टोपी काढून घाम पुसला. “मसीन तपस ना. ती कामले निंघी जास, नि हाई बिचारं एकलंच घरघर करत ऱ्हास. हात लाई देखा, निरा चुल्हा व्हई जास.”

“म्हणून तुम्ही रोज कूलर लावता?”

“मन्ही जिंदगी इंजनवर गई, ताई. इंजन तपनं ते पानी देवा लागस. येले पानी देता येत नही. मंग म्हनं, हवा तरी थंडी दिऊत.”

घरात कूलर एकच होता आणि तो आबांच्या खोलीतला. ऊन तापायला लागल्यापासून हा सत्तरी ओलांडलेला माणूस रोज दुपारी आपला कूलर सुनेच्या मशीनच्या पाठीशी लावत होता आणि स्वतः निंबाखाली पडत होता. साडेचारला कूलर परत न्यायचा. जमिनीवर सांडलेलं पाणी त्या उन्हात पाच मिनिटांत वाळायचं, मागमूस राहायचा नाही.

“आणि ती वायर, आबा?”

“टेबल फिरावना व्हता, पाठ कूलरकडे कराले. वायर काढी, परत लाई दिधी. भोक सारखंच दिखनं.”

“मग जयश्रीला सांगितलं का नाही?”

आबा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. “चार मानससमा बोली बसनू व्हतू, गानाबजावनावर घर चालत नही. आते कोनता तोंडवरी सांगू?”

मी उठले. कूलरच्या मागच्या जाळीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. बोअरचं खारं पाणी, गवताच्या ताट्या झिजून पातळ झालेल्या, त्यातून गार हवेबरोबर बारीक तुषार उडत होते. मी मशीन बंद केलं, वायर काढली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते दोन स्क्रू उघडले.

पत्रा निघताच सगळं समोर होतं. पंख्याच्या पात्यांच्या कडा पांढऱ्या. कार्डाच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण. कार्ड खाचेतून काढून उजेडात धरलं तर सोनेरी पट्ट्यांवर क्षाराचा थर, आणि दोन-तीन पट्ट्या हिरवट झालेल्या. दुपारी ओल धरली की निरोप अडायचा, रात्रभर वाळलं की सकाळी पुन्हा जायचा. जळगावला तीन दिवस माझ्या साध्या पंख्याखाली ते का कुरकुरलं नाही, तेही कळलं. हिवाळाभर का चाललं, तेही. खरं तर ऊन सुरू झालं आणि बिघाड सुरू झाला, एवढंच जोडून पाहिलं असतं तरी पुरलं असतं. मी दुभाष्याशी भांडत बसले.

आबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. इंजिनात खारं पाणी घातलं की काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते हळूच म्हणाले, “मंग बठ्ठं मन्हामुये व्हयनं?”

मी म्हटलं, “नाही आबा. तुम्ही मशीनला गारवा दिलात. चूक माझी. मी न बघता बोलले.” मग मी काय बोलले होते तेही सांगितलं, जयश्री का गप्प झाली तेही. त्यांनी वाकून कार्डावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाले, “आखाजीना पहिले व्हई ना?”

“होणार,” मी म्हटलं. “न होऊन सांगतंय कोणाला.”

स्पिरिट, दात घासायचा जुना ब्रश आणि खोडरबर. हो, शाळेतलं खोडरबर. सोनेरी पट्ट्या साफ करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. एक-एक पट्टी घासली. खाचेत स्पिरिटचा ब्रश फिरवला, पंखे पुसले, आणि सगळं सुटं करून तास-दीड तास कोरडं होऊ दिलं. आबा शेजारी बसून स्क्रू एका वाटीत जपत होते. लहान स्क्रू वेगळे, मोठे वेगळे, मी न सांगता. चार वाजता मशीन लावलं. पांढरी रेघ अर्ध्यापर्यंत आली, थांबली, आणि रेघ पुढे सरकली.

पाचला जयश्री आली. दारात कूलर, जमिनीवर मी, माझ्या शेजारी आबा, आबांच्या हातात खोडरबर. तिला काय समजावं ते कळेना. आबा उठून जायला लागले. मी त्यांना बसवलं आणि तिच्यासमोर सगळं सांगितलं, काही न लपवता. माझ्या बोलण्याने तू यांच्याशी अबोला धरलास आणि हे स्वतः घामात पडून तुझ्या मशीनला वारा घालत होते, असं म्हटलं.

जयश्री आबांच्या समोर जमिनीवर बसली. ती माझ्याशी शुद्ध बोलायची, त्यांच्याशी मात्र घरच्या भाषेत. “आबा, इतला उन्हायामा तुम्हले कूलरबिगर झोप कशी लागनी?”

“नही लागनी,” आबा म्हणाले.

ती हसली का रडली ते सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच झालं. मग तिने कूलर स्वतः ढकलत मागच्या खोलीत नेऊन ठेवला.

प्रश्न उरला तो दुपारच्या भट्टीचा. त्या पत्र्याखाली मशीन चालवणं धोक्याचंच होतं आणि शेवटची प्रक्रिया लांबलचक. आबा म्हणाले, “मन्ही खोली ल्या. धाबं शे, दुपारले बी थंड ऱ्हास.” मी नको म्हटलं. धाब्याची माती गळते. ती पंख्यात गेली तर क्षारापेक्षा वाईट. आबांनी वर पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, “माती गयस ते वर कपडा बांधी देसू.” त्या संध्याकाळी एक चादर बांधून वेळ भागवली. टेबल मागच्या खोलीत गेलं, आबांची बाज आणि कूलर पुढच्या खोलीत आले. घरातल्या दोन खोल्यांची अदलाबदल अर्ध्या तासात झाली आणि चक्कीचा विषय कोणी काढला नाही.

गाणं आखाजीच्या दोन दिवस आधी लोकांच्या फोनवर गेलं. जाण्यापूर्वी जयश्रीने ते आबांना दाखवलं. तिने मला फोनवर सांगितलं की शेवटपर्यंत त्यांची पापणी लवली नाही. मग म्हणाले, “पोरीसना आवाज बराबर शे. पन झोका इतला हयू काब चाली राहिना? कोन्ही धक्का दिधा नही का?” जयश्रीने तिथे मुद्दाम चित्र संथ केलं होतं, तिच्या मते ती सगळ्यात सुंदर जागा होती. तिने ती तशीच ठेवली. आबांनी पुढचे दोन दिवस येईल त्याला फोन दाखवून सांगितलं, झोका हळू आहे, पण तो तसाच ठेवायचा असतो.

हॅकिन्टॉशची विद्या आता संपत आली आहे. कंपनीने स्वतःच्या मशीनमधला मेंदूच बदलला, त्यामुळे सुट्या भागांवर ती प्रणाली पुढे फार काळ चालणार नाही. मी मेहनतीने मिळवलेलं ज्ञान माझ्या डोळ्यांदेखत शिळं होतंय. वाईट वाटतं, पण कामाला लागले आहे. साठीकडे झुकताना पुन्हा वह्या घेऊन नवीन शिकते आहे. आता प्रत्येक मशीनचे दोन स्क्रू मात्र मी आधी उघडते. आणि गिऱ्हाइकाच्या घरातल्या माणसांविषयी तोंड उघडत नाही.

आखाजीनंतर पंधरा दिवसांनी मी जयश्रीकडे धुळीची जाळी बसवायला गेले. दुपार होती. मागच्या खोलीत मशीन चालू होतं, खोली खरोखर गार. वर पाहिलं तर चादर नव्हती. चारही भिंतींना खिळे ठोकून धाब्याखाली एक हिरवं नऊवारी लुगडं ताणून बांधलं होतं, काठ सरळ, कुठे सुरकुती नाही. मध्यभागी गळलेल्या मातीने त्याला थोडा झोळ आला होता.

“नवीन आणलं?” मी विचारलं.

“सासूबाईंचं आहे,” जयश्री म्हणाली. “त्या गेल्यापासून आबांनी ट्रंकेत घडी घालून ठेवलं होतं. आम्हाला कोणाला हात लावू देत नव्हते. चादरीतून माती येते म्हणाले, हे दाट विणीचं आहे.”

मी जाळी बसवली, स्क्रू पिळले आणि बाहेर आले. मला आबांची पुन्हा एकदा माफी मागायची होती. पुढच्या खोलीत ते आपल्या कूलरसमोर बाजेवर आडवे होते, तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला, गाढ झोपेत. मी उठवलं नाही. चपला हातात घेतल्या आणि अंगणात जाऊन घातल्या.